छोट्या शिलाई कारखान्याची पुरवठा साखळी कशी मोजायची: सुरुवात पहिल्या तारखेपासून

"भाऊ, माल निघाला." मार्च ते जून या काळात नागपुरातल्या शिलाई कारखानदाराला हे वाक्य फोनवर सारखं ऐकू येतं. पण निघाला म्हणजे कुठून निघाला? कापडवाल्याच्या गोदामातून, की ट्रान्सपोर्टच्या गोदामातून? नुसती बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) फाटली, की ताके खरंच गाडीत चढले? या मधल्या टप्प्यांमध्ये आठवडा निघून जातो आणि आपल्या वहीत त्याची एक ओळही नसते.

हा लेख दहा ते पंचवीस मशीनच्या कारखान्यात नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी आहे. वडिलांचं काम हातात घेतलेली मुलं-मुली असोत, बचत गटातून शिलाई केंद्र सुरू करणाऱ्या ताई असोत, किंवा कारखान्यात पहिल्यांदाच सुपरवायझर झालेलं कोणी असो. मी स्वतः हिंगणा रोडच्या बाजूला चौदा मशीनवर शाळेचे गणवेश शिवून घेतो. उदाहरणं त्यातली आहेत, पण कुर्ती, नाइटी किंवा हॉस्पिटलचे कपडे शिवणाऱ्यांनाही हाच हिशेब चालेल.

पुरवठा साखळी हा शब्द मोठ्या कंपन्यांचा वाटतो. आपल्यासाठी अर्थ साधा आहे: कापड मागवल्यापासून शिवलेल्या मालाचे पैसे बँकेत जमा होईपर्यंत जे जे हात लागतात, ती साखळी. आपल्याकडे ती लांब आहे. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल नागपुरातच १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, कारण कापूस इथे पिकतो. कापूस आजही आजूबाजूला पिकतो, पण गणवेशाच्या पँटचं कापड माझ्याकडे राजस्थानातल्या भिलवाड्याहून येतं, शर्टिंग इचलकरंजी किंवा भिवंडीहून, आणि बटण, चेन, इलॅस्टिक इतवारी-गांधीबागेतून. इतक्या ठिकाणांहून येणारी गोष्ट डोक्यात ठेवून चालत नाही.

सॉफ्टवेअर लागत नाही. दोनशे पानी आडवी वही आणि महिन्यातून दोन तास पुरतात. वहीची सवय झाली की एक्सेलमध्ये उतरवा, आधी नको. मोठ्या कंपन्या १९९६ मध्ये आलेला स्कोअर नावाचा आराखडा वापरतात. त्यात विश्वासार्हता, गती, लवचिकता, खर्च आणि मालमत्ता अशा बाजूंनी साखळी तपासतात. खाली मी सांगतोय ते त्याचंच आपल्या मापाचं रूप.

पायरी १: कबूल केलेली पहिली तारीख लिहा आणि ती खोडू नका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. प्रत्येक ऑर्डरसमोर चार तारखा लिहायच्या: ऑर्डर पक्की झाली ती तारीख, पहिल्यांदा कबूल केलेली तारीख, माल प्रत्यक्ष पोचला ती तारीख, आणि पैसे पूर्ण मिळाले ती तारीख. कापड मागवतानाही हेच, फक्त तिथे गिऱ्हाईक आपण असतो.

आमच्या जुन्या वहीत तारखेचा एकच रकाना होता. कापडाला उशीर झाला की शाळेला फोन करायचा, चार दिवस वाढवून घ्यायचे आणि जुनी तारीख खोडून नवी लिहायची. एका हंगामाच्या शेवटी मी वही तपासली, तर बहुतेक ऑर्डर वेळेवर दिसत होत्या. त्याच महिन्यात एका शाळेने पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला दिलं. मुख्याध्यापक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही तीनदा तारीख बदलली. पालक माझ्या दारात उभे होते." त्यांचं बरोबर होतं. आमच्या वहीत तो उशीर उरलाच नव्हता, कारण आम्हीच तो खोडला होता.

तारीख बदलली तर नवी तारीख शेजारी लिहा, कारणही दोन शब्दांत लिहा. 'कापड उशिरा', 'शेड परत', 'कारागीर लग्नाला', 'लाइन गेली'. मोजणी मात्र पहिल्या तारखेवरच करायची. आणि लिहायचं त्याच दिवशी, त्याच वेळी. शनिवारी बसून आठवड्याच्या तारखा आठवून लिहिल्या की त्या आपल्याला सोयीच्या होतात, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलं आहे.

पायरी २: वेळेवर आणि पूर्ण

पहिला आकडा हा काढा. किती ऑर्डर कबूल तारखेला आणि सगळ्याच्या सगळ्या पोचल्या? मोठ्या कंपन्यांत याला ओटीआयएफ (ऑन टाइम इन फुल) म्हणतात.

समजा हंगामात २४ ऑर्डर होत्या. वेळेवर गेल्या १९, पूर्ण गेल्या २०. ऐकायला बरं वाटतं. पण दोन्ही गोष्टी जमलेल्या ऑर्डर मोजल्या तर १६ निघतात. म्हणजे २४ पैकी १६, साधारण ६७ टक्के. तीनातल्या एका गिऱ्हाइकाला आपल्यामुळे त्रास झाला. खरा आकडा तो.

गणवेशात 'पूर्ण' कशाला म्हणायचं, हे आधी ठरवून घ्या. सहाशे शर्टांपैकी ५७० गेले म्हणजे ९५ टक्के माल गेला असं वाटतं. पण राहिलेले तीसही ३४ नंबरचे असतील तर एका वर्गातल्या मुलांना शर्टच नाही. त्या शाळेच्या दृष्टीने ऑर्डर अपुरीच आहे. म्हणून चलानावर एकूण नग लिहून थांबू नका, साइजवार नग लिहा आणि ऑर्डरच्या साइजशी जुळवा. एकही साइज कमी असेल तर ऑर्डर अपूर्ण धरा. सुरुवातीला आकडा फार खाली येतो आणि मन खट्टू होतं. येऊ द्या.

पायरी ३: कापडवाल्याचे दिवस मोजा, नुसती सरासरी नको

प्रत्येक पुरवठादाराचं एक पान करा. त्यावर प्रत्येक खेपेला ऑर्डर दिल्यापासून ताके आपल्या दारात उतरेपर्यंतचे दिवस. आठ-दहा खेपा झाल्या की चित्र दिसायला लागतं. उदाहरणासाठी दोन कापडवाले घेऊ.

अ: १२, १४, १५, १६, १७, १९, २८, ३१ दिवस. सरासरी १९.
ब: २०, २१, २१, २२, २२, २२, २३, २५ दिवस. सरासरी २२.

नवा माणूस लगेच म्हणतो, अ चांगला, तीन दिवस लवकर देतो. पण शाळेला तारीख देताना आपण सरासरीवर विसंबू शकत नाही. अ कडून ३१ दिवसही लागू शकतात, ब कडून जास्तीत जास्त २५. माझा कल ब कडे आहे, मीटरला दोन रुपये जास्त पडले तरी. लवकर आलेलं कापड माझ्याकडे पडून राहतं, पण उशिरा आलेल्या कापडासाठी चौदा मशीन बसून राहतात.

आता उशीर नेमका कुठे होतो ते शोधा. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. रस्ता इतका सुधारला, तरी भिवंडीचा ताका यायला आठ दिवस का लागतात? कारण बऱ्याचदा तो रस्त्यावर नसतोच. ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाडी भरण्याची वाट बघत पडलेला असतो. हे पकडायचा सोपा मार्ग ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली माल वाहतुकीसाठी ऑनलाइन बनणारा कागद, आहे. परराज्यातून ५० हजार रुपयांच्या वरचा माल येतो तेव्हा ते बनतंच. त्याच्या दुसऱ्या भागात, म्हणजे पार्ट-बी मध्ये, गाडीचा नंबर कधी भरला ते पाहा. बिलाची तारीख आणि गाडी नंबर भरल्याची तारीख यांत अंतर पडलं असेल, तर 'माल निघाला' म्हणाले तेव्हा माल निघालेला नव्हता. तीन खेपांचे असे कागद समोर ठेवून बोललात की फोनवरचा सूर बदलतो. भांडण करावं लागत नाही.

नागपूरचं कॅलेंडरही त्या पानावर लिहून ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते तेव्हा इतवारी-महालात हातगाडी शिरत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, आणि हिवाळी अधिवेशनात शहराचे रस्ते अडतात. त्या दिवसांचा उशीर कापडवाल्याच्या नावावर टाकू नका, हिशेब खोटा होईल.

पायरी ४: कापडाचे मीटर

आपल्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचा, म्हणून इथे सगळ्यात जास्त बारकाईने बघायचं.

एक हिशेब सविस्तर सांगतो. ६०० हाफ शर्टची ऑर्डर होती. कॉस्टिंग करताना सगळ्या साइज मिळून शर्टामागे १.१० मीटर धरलं होतं, म्हणजे ६६० मीटर. कापड आलं सात ताके, बिलाप्रमाणे ७०० मीटर. काम संपल्यावर ४० मीटर उरायला हवं होतं. उरलं १२. अठ्ठावीस मीटर कुठे गेलं? मीटरला ९५ रुपये, म्हणजे २,६६० रुपये. शर्टामागे १४ रुपये सुटणार होते, एकूण ८,४००. जवळजवळ तिसरा हिस्सा गेला.

मी रागातच कटिंग टेबलाकडे गेलो. आमचे मास्तर माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. त्यांनी कात्री ठेवली, भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि म्हणाले, "भाऊ, आधी हे जोडून पाहा, मग बोला." प्रत्येक ले (कापायला एकावर एक पसरलेले कापडाचे थर) टाकला की ते चिठ्ठी लिहायचे: ले ची लांबी, किती थर, टोकाचे तुकडे किती. दहा वर्षं लिहीत होते, मी कधी विचारलंच नव्हतं. सगळं जोडलं तर कापलेलं कापड निघालं ६७४ मीटर. ६७४ आणि उरलेलं १२, झालं ६८६. बिल ७०० चं. म्हणजे १४ मीटर कारखान्यात आलंच नव्हतं. ताकेच कमी भरले होते.

बाकीचे १४ मीटर कटिंगमध्ये जास्त गेले, तेही खरं. मग मास्तरांनी टेप लावून दाखवली. बिलावर पन्हा (कापडाची रुंदी) ५८ इंच, पण काठ सोडून वापरता येणारा ५६ च्या थोडा वर. मार्कर, म्हणजे कापायच्या भागांची आखणी, ५८ वर बसवलेला, त्यामुळे एक बाही बाहेर पडत होती आणि ले लांबवावा लागत होता. मी ज्यांना बोलायला गेलो होतो त्यांची चूक यात नव्हती. मी त्यांची माफी मागितली आणि त्या दिवसापासून त्यांची चिठ्ठी मोठ्या वहीत चिकटवायला लागलो.

यातून तीन कामं पक्की करा. ताका आल्यावर सगळे नाही तर निदान दर पाचातला एक पूर्ण मोजा. पन्हा तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये, आणि सगळ्यात कमी येईल त्यावर मार्कर बसवा. ऑर्डर संपली की एक ओळ लिहा: धरलेले मीटर, बिलाचे मीटर, ले चे मीटर, उरलेले मीटर. तफावत दोन टक्क्यांच्या वर गेली तर मी थांबून कारण शोधतो. कापड आटतं का तेही कापण्याआधी बघायचं. एक चौरस मीटरचा तुकडा धुऊन वाळवून पुन्हा मोजला की कळतं. हे राहिलं तर पुढचे सगळे आकडे फुकट.

पायरी ५: मजल्यावर किती नग अडकलेत

पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक साधं नातं गणिताने सिद्ध केलं. आत अडकलेली संख्या म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आत लागणारा वेळ. शिलाई हॉलमध्ये ते उलटं वापरायचं. कटिंग झालेले पण पॅकिंग न झालेले सगळे नग मोजा: बंडलात, मशीनजवळच्या पेटीत, काज-बटणवाल्याकडे, प्रेसच्या टेबलावर, सगळीकडचे. त्याला रोज पॅक होणाऱ्या नगांनी भागा.

आमच्याकडे एकदा १,५०० नग निघाले आणि रोजचे पॅक होत होते १००. म्हणजे आज कापलेला शर्ट कामाच्या पंधराव्या दिवशी बाहेर पडणार. सगळ्यांची समजूत होती की शर्ट चार दिवसांत निघतो. शिवायला तेवढाच वेळ लागतही असेल, बाकीचे दिवस बंडल वाट बघत पडलेलं होतं. मास्तरांना रिकामं बसायचं नाही म्हणून ते पुढचं पुढचं कापत जायचे, आणि काज-बटणाच्या एकाच मशीनपुढे ढीग लागायचा. काज-बटणला एक जादा हात दिला आणि हॉलमध्ये ८०० च्या वर नग ठेवायचे नाहीत असं ठरवलं. आठ दिवसांत माल निघायला लागला. नवं मशीन घ्यावं लागलं नाही.

ही मोजणी दर सोमवारी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी करा, वीस मिनिटांचं काम आहे. मे महिन्यात दर आठवड्याला कराच. पारा ४५ च्या आसपास जातो, लग्नसराईत कारागीर गावाला जातात, रोजचे १०० नग ७० वर येतात आणि दिवस आपोआप वाढतात. शाळेला तारीख देताना मे महिन्याचा वेग धरायचा, जानेवारीचा नाही.

पायरी ६: कापले किती, गेले किती

१,००० नग कापले आणि ९६२ गिऱ्हाइकाकडे गेले, तर ९६.२ टक्के. राहिलेल्या ३८ नगांची कारणं लिहा: कापडात दोष, तेलाचा डाग, शेड वेगळी, ऑल्टर (दुरुस्ती) राहिलं, नग हरवला. ऑल्टर वेगळं मोजा, पहिल्या तपासणीत शंभरातले किती परत गेले ते. कारागिराच्या नावाने नाही, ऑपरेशनच्या नावाने लिहा. कॉलर, खिसा, बाही. नावाने लिहायला लागलात की लोक खराब नग लपवतात.

पायरी ७: पैसे किती दिवस अडकतात

कापड किती दिवस पडून राहतं, त्यात कारखान्यातले दिवस मिळवा, माल दिल्यावर पैसे यायला लागणारे दिवस मिळवा, आणि कापडवाला आपल्याला देतो ती उधारी वजा करा. समजा ४० अधिक २५ अधिक ६० वजा ३०, म्हणजे ९५ दिवस. महिन्याचा खर्च चार लाख असेल तर रोजचे १३ हजारांच्या वर, आणि ९५ दिवसांचे साडेबारा लाखांहून जास्त. एवढी रक्कम कायम बाहेर फिरत असते. काम वाढवायला निघालात तर ही रक्कमही वाढते, हे कर्ज काढायच्या आधी बघा.

इथेही तारीखच कामाला येते. उद्यम नोंदणी केलेली असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे खरेदीदाराला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. म्हणून चलानावर माल घेणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख ही तिन्ही हवीत. मी कोणावर अजून तक्रार केलेली नाही, पण सही-तारखेची चलानं फाइलला लावायला लागल्यापासून पैसे मागायचा संकोच गेला.

पायरी ८: शाळेच्या तारखेपासून मागे मोजत या

इतके आकडे जमले की त्यांचा खरा उपयोग जानेवारीत होतो. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि पालक त्याच्या आधी दोन आठवडे कपडे घ्यायला लागतात. शाळेला १० जून कबूल केली समजा. ऑर्डर १,६८० नगांची, मे महिन्याचा वेग रोज ७०, म्हणजे कामाचे २४ दिवस. रविवार धरून २८. पॅकिंग आणि पोचवायला ४ दिवस, म्हणजे शिलाई ६ जूनला संपायला हवी. त्यातून २८ दिवस मागे आलो की कटिंगची सुरुवात ९ मे. ताका मोजणं, पन्हा, धुऊन बघणं याला ३ दिवस, म्हणजे कापड ६ मे ला दारात हवं.

कापडवाला अ असेल आणि त्याच्या सरासरीवर गेलात तर ऑर्डर १७ एप्रिलला दिली तरी चालेल असं वाटतं. त्याचे सगळ्यात वाईट ३१ दिवस धरले तर ५ एप्रिल. या दोन तारखांमधल्या बारा दिवसांची भरपाई पुढे मेच्या शेवटी रात्रपाळीने करावी लागते, कूलरचं पाणी भरत, कारागिरांना दुप्पट मजुरी देत. ब कडून घेतलं तर ११ एप्रिल पुरते. यंदा मी १ एप्रिललाच ऑर्डर टाकून ठेवली आणि वहीत तिच्या शेजारी पहिली तारीख लाल पेनाने लिहिली.